लेस्ली कौंटीची साक्ष

मोटार-अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालविताना एक प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो: अपघात किती वाजता झाला, आणि जखमी माणूस रुग्णालयात किती वाजता पोहोचला? उत्तर दोन आकड्यांत मावते आणि कारकून ते लिहून घेऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु वीस वर्षांच्या वकिलीत एक गोष्ट माझ्या मनावर पक्की ठसली आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून रक्तस्राव लिहिलेला असतो, ज्वर लिहिलेला असतो, हृदयक्रिया बंद पडली असे लिहिलेले असते. अंतर मात्र कधीही लिहिलेले नसते. पुष्कळ माणसे वस्तुतः अंतरानेच मेलेली असतात. आमच्या शेजारच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानातील गावांतून भर पावसात रुग्णास खांद्यावर वाहून आणावे लागल्याच्या बातम्या २०२४ सालीही वर्तमानपत्रांत आल्या. त्या वाचून हळहळणारे पुष्कळ होते. परंतु हळहळ हा पुरावा नव्हे, आणि पुराव्यावाचून कोणतेही सरकार, कोणतीही संस्था जागची हलत नाही, हा आम्हां वकील मंडळींचा रोजचा अनुभव आहे.

अंतर हेच मृत्यूचे कारण आहे असे सिद्ध करण्याचा, आणि ते अंतर तोडल्यास मृत्यू किती कमी होतात हे मोजून दाखविण्याचा एक विलक्षण प्रयत्न गेल्या शतकात अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेस्ली कौंटीत झाला. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. ती येथे सांगावयाची ती केवळ परदेशच्या थोर स्त्रीचे चरित्र म्हणून नव्हे. त्या कौंटीचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहासही सांगितला पाहिजे. कारण तो इतिहास साक्षीदारासारखा आहे, आणि त्याची अर्धीच साक्ष ऐकून निकाल दिला तर तो निकाल चुकतो.

कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा, स्वतःचे न्यायालय आणि स्वतःची कचेरी असलेला परगणा. लेस्ली कौंटी १८७८ साली स्थापन झाली. प्रेस्टन लेस्ली या केंटकीच्या माजी गव्हर्नराचे नाव तिला देण्यात आले. क्षेत्रफळ सुमारे चारशे चौरस मैल, आणि १९२० च्या सुमारास वस्ती दहा हजारांच्या आसपास. मुख्य गाव हायडन. अपलेशियन पर्वताच्या रांगांनी हा मुलूख असा चिरफाळलेला आहे की सपाट जमीन म्हणावी तर ती ओढ्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीतच. लोक मका पिकवीत, डुकरे पाळीत, लाकूड तोडून ते पुराच्या पाण्यावर सोडीत. चाकाच्या वाहनास योग्य असा रस्ता नव्हता. ओढ्याचे पात्र हाच रस्ता, आणि ओढा फुगला की रस्ता बंद. रेल्वे शेजारच्या पेरी कौंटीत हॅझर्ड गावापर्यंत येऊन थांबलेली. सबंध कौंटीत परवानाधारक असा एकही डॉक्टर राहत नव्हता. बाळंतपणे गावोगावच्या म्हाताऱ्या सुइणी करीत. त्यांना तिकडे ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणत.

त्या काळी अमेरिकेची अवस्था एकंदरीतच चमत्कारिक होती. जगातील धनाढ्य राष्ट्र खरे. परंतु १९२० नंतरच्या काही वर्षांत तेथे दर १०,००० जिवंत जन्मांमागे साठांहून अधिक माता दगावत, आणि युरोपातील पुष्कळ देश या बाबतीत तिच्या पुढे होते. इंग्लंडात १९०२ सालीच सुइणींचा कायदा होऊन त्यांचे शिक्षण, परीक्षा व नोंदणी यांची व्यवस्था लागली होती. अमेरिकेत असा कायदा नव्हता. माता व बालके यांच्या संगोपनासाठी राज्यांना पैसा देणारा शेपर्ड-टाउनर कायदा अमेरिकन काँग्रेसने १९२१ साली केला. परंतु डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यास कडाडून विरोध केला आणि १९२९ साली तो गतार्थ झाला.

अशा परिस्थितीत मेरी ब्रेकिनरिज ही स्त्री या मुलखात आली. तिचा जन्म १८८१ सालचा, घराणे राजकारणी आणि बडे. आजोबा जॉन ब्रेकिनरिज हे अमेरिकेचे उपाध्यक्ष होते, वडील काँग्रेसचे सभासद आणि काही काळ रशियातील वकील. अशा घरच्या मुलीने शिकून पोटापाण्याचा उद्योग करावा ही कल्पनाच त्या काळी मान्य नव्हती. परंतु पहिल्या लग्नानंतर दोनच वर्षांत, १९०६ साली, तिला वैधव्य आले आणि ती न्यूयॉर्कच्या रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९१० साली बाहेर पडली. दुसऱ्या विवाहापासून तिला दोन अपत्ये झाली. १९१६ साली झालेली मुलगी अपुऱ्या दिवसांची, ती काही तासच जगली. मुलगा चार वर्षांचा होऊन १९१८ च्या जानेवारीत गेला. पुढे तो संसारही मोडला. दुःख माणसाला दोन प्रकारे वळविते. काही जण आत वळतात, काही बाहेर. ही बाई बाहेर वळली. महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या खेड्यांत तिने बालकांसाठी काम केले. तेथे तिने एक गोष्ट पाहिली: इंग्लंडातून आलेल्या काही परिचारिका सुईणपणही शिकलेल्या होत्या. आजाऱ्याची शुश्रूषा आणि बाळंतपण ही दोन्ही कामे एकाच सुशिक्षित हाती असली तर डॉक्टर नसलेल्या प्रदेशाची निम्मी चिंता मिटेल, हा विचार तिच्या मनात तेथे रुजला.

यापुढे तिने जे केले ते मला, एक वकील म्हणून, सर्वांत अधिक आवडते. तिने लगेच दवाखाना काढला नाही. तिने आधी चौकशी केली. १९२३ च्या उन्हाळ्यात लेस्ली, नॉट आणि औझली या तीन कौंटींतून घोड्यावर व खेचरावर बसून सहा-सातशे मैलांची रपेट करून तिने ५३ सुइणींच्या भेटी घेतल्या. त्यांची वये, त्यांचे शिक्षण, बाळंतपणाच्या वेळी त्या काय करतात, रक्तस्राव होऊ लागल्यास काय करतात, नाळ कशाने कापतात, हे सर्व तिने लिहून काढले. पुष्कळशा साठीच्या घरातल्या. बहुतेकींना औपचारिक शिक्षण कधी मिळालेच नव्हते. तिचा अहवाल या सुइणींविषयी कठोर आहे, आणि त्या कठोरपणाकडे मी पुढे येणारच आहे. परंतु ज्यांच्याविषयी शहरात नुसत्या दंतकथा सांगितल्या जात त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणारी आणि त्यांची जबानी लिहून घेणारी तिच्यासारखी माणसे त्या वेळी फार थोडी होती.

चौकशीनंतर शिक्षण. वयाची चाळिशी उलटलेली ही बाई लंडनला वुलिच येथील माता-बालक रुग्णालयात विद्यार्थिनी म्हणून राहिली आणि तेथील परीक्षा देऊन रीतसर सुईण झाली. त्यानंतर १९२४ साली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात आणि बेटांवर फिरली. तेथे जाण्याचे कारण असे की, विरळ वस्तीच्या आणि दरिद्री मुलखात डॉक्टर टिकत नाही या दुखण्यावर ब्रिटिश सरकारने तेथे एक उपाय योजिला होता. १९१२ साली ड्यूअर समितीने त्या भागाचा अहवाल दिला, १९१३ साली कायदा झाला आणि वर्षाला ४२,००० पौंडांची तरतूद झाली. त्यातून डॉक्टरांना किमान उत्पन्नाची हमी मिळे, लांबच्या प्रवासाचा खर्च मिळे, आणि रुग्णाकडून घ्यावयाची फी ठरवून दिलेली असे. घर दूर आहे म्हणून फी वाढत नसे. अंतराचा भार रुग्णाने सोसावयाचा नाही, समाजाने सोसावयाचा, हे तत्त्व कायद्यात इतक्या स्वच्छपणे उतरलेले मला इतरत्र क्वचितच आढळले आहे. त्या समितीचे एक सभासद सर लेस्ली मॅकेंझी हे ब्रेकिनरिजबाईंचे मार्गदर्शक झाले. त्यांचे नाव आणि त्या केंटकी कौंटीचे नाव एकच असावे हा निव्वळ योगायोग. परंतु इतिहासात असे योगायोग घडतात.

२८ मे १९२५ रोजी केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्ट येथे, एक समिती स्थापन झाली. तीच पुढे १९२८ साली ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. कामासाठी लेस्ली कौंटीच निवडली, ती सर्वांत अवघड म्हणून. येथे जमले तर कोठेही जमेल, हा त्यातला हिशेब. आणि काम सुरू होण्याच्या सुमारासच एका स्कॉटिश अभ्यासिकेकडून कौंटीतील जन्म-मृत्यूंची घरोघर जाऊन मोजणी करविली गेली. कारण डोंगरातले पुष्कळ जन्म आणि पुष्कळ मृत्यू सरकारी दप्तरात चढतच नसत. आधीची स्थिती नोंदलेली नसेल तर नंतरच्या सुधारणेचा दावा कोण मान्य करील?

कामाची मांडणी अंतरावर बेतलेली होती. वेंडोव्हर येथे नदीकाठी लाकडी ओंडक्यांचे मुख्य ठाणे. हायडनला १९२८ साली एक छोटे रुग्णालय, ज्याचे उद्घाटन करण्यास सर लेस्ली मॅकेंझी स्कॉटलंडहून आले. आणि आसपासच्या खोऱ्यांत एकेक उपठाणे. प्रत्येक उपठाण्याची हद्द पाच-सहा मैलांची, म्हणजे घोड्यावरून साधारण तासाभरात हद्दीतील कोणत्याही घरी पोहोचता यावे अशी. काही वर्षांतच अशी सहा उपठाणी झाली आणि सुमारे सातशे चौरस मैलांचा प्रदेश त्यांच्या टापूत आला. नियम एकच आणि साधा: बाळंतिणीचा नवरा ठाण्यापर्यंत येऊ शकला तर परिचारिका त्याच्या घरापर्यंत जाऊ शकलीच पाहिजे. रात्र, बर्फ, ओढ्याचा पूर, यांपैकी काहीही सबब म्हणून चालत नसे.

परिचारिकेच्या घोड्यावर दोन्ही बाजूंस लोंबणारी पडशी असे. तिचे वजन सुमारे चाळीस पौंड. बाळंतपणाची पडशी निराळी, नेहमीच्या फेरीची निराळी. त्यात उकळून घेतलेली हत्यारे, औषधे, कपडे, बाळाचे वजन करण्याचा काटा. परंतु या पडशीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेळापत्रक ही होती. बाळंतपणाच्या रात्री धावून जाणे हा कामाचा शेवटचा भाग. त्याच्या आधी अनेक महिने गर्भारणीची नाव-नोंदणी, तिची ठराविक दिवसांनी तपासणी, लघवीची परीक्षा, रक्तदाब, अंगावर सूज आहे का, पूर्वीच्या खेपेस काय झाले होते याची चौकशी. ज्या बाईचे लक्षण ठीक नाही तिला वेळेपूर्वीच हायडनच्या रुग्णालयात आणावयाचे. बाळंतपणानंतर दहा दिवस घरी जाऊन शुश्रूषा. घरातल्या इतर मुलांना त्याच फेरीत विषमज्वर, घटसर्प आणि देवी यांच्या लसी, अंकुशकृमींवर औषध, विहीर कोठे खणावी आणि शौचकूप कोठे, याचा सल्ला. म्हणजे बाळंतपण हे निमित्त; त्या निमित्ताने एकदा घराचा उंबरठा ओलांडला की सबंध घर परिचारिकेच्या देखरेखीखाली येई.

येथे कायद्याचा एक नाजूक प्रश्न होता. डॉक्टर हजर नसता परिचारिकेने औषध द्यावे का? दिले तर ती डॉक्टरी केल्याची अपराधी होते का? यावर त्यांनी काढलेली तोड व्यवहारी होती. लेक्सिंग्टन शहरातील डॉक्टरांच्या एका सल्लागार मंडळाने लेखी नियमावली तयार केली: अमुक लक्षण दिसल्यास अमुक करावे, अमुक औषध इतके द्यावे, आणि अमुक ठिकाणी स्वतःच्या जबाबदारीवर काही न करता डॉक्टरास बोलवावे. परिचारिकेच्या पडशीत ही नियमावली असे. डॉक्टर नाही म्हणून रुग्णास मरू देणे, आणि डॉक्टर नाही म्हणून वाटेल त्याने वाटेल ते करणे, या दोन टोकांच्या मधली वाट कागदावर कशी आखता येते याचा तो नमुनाच होय.

पैशाची बाजूही पाहिली पाहिजे. बाळंतपणाची फी पाच डॉलर. त्यात आधीची तपासणी आणि नंतरची शुश्रूषा आली. नेहमीच्या सेवेसाठी कुटुंबामागे वर्षाला एक डॉलर. रोख नसेल तर घोड्यांसाठी वैरण, कोंबड्या, हाताने शिवलेली गोधडी, कुंपणाचे काम, काहीही चाले. परंतु फुकट मात्र नाही. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, हा त्यामागचा हेतू. अर्थात या उत्पन्नावर संस्था चालणे शक्यच नव्हते. खरा पैसा लुइव्हिल, न्यूयॉर्क, बोस्टन अशा शहरांतील श्रीमंतांकडून येई, आणि ब्रेकिनरिजबाईंचे अर्धे आयुष्य त्यासाठी भाषणे करण्यात गेले. १९३१ साली घोड्यावरून पडून त्यांच्या पाठीचा मणका मोडला. तरीही ही भ्रमंती थांबली नाही. मंदीच्या वर्षांत परिचारिकांनी अपुऱ्या पगारावर काम रेटले.

आता निकालाकडे वळू. पहिल्या एक हजार बाळंतपणांची कागदपत्रे १९३२ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुइस डब्लिन यांनी तपासली. ज्या कंपनीचा धंदाच मृत्यूची शक्यता मोजण्याचा, तिच्या माणसाकडून हिशेब तपासून घेण्यात केवढी चतुराई होती हे सांगावयास नको. त्या हजार बाळंतपणांत गर्भारपण किंवा प्रसूती यांच्या प्रत्यक्ष कारणाने एकही माता दगावली नव्हती. पुढे १९५० नंतरच्या दशकात पहिल्या दहा हजार बाळंतपणांचा हिशेब पुरा झाला. त्यात मातामृत्यूचे प्रमाण दर १०,००० जन्मांमागे सुमारे ९ पडले. तेवढ्याच काळात सबंध अमेरिकेचे प्रमाण सुमारे ३४ होते. रस्ते नसलेल्या, दरिद्री, देशाने मागास म्हणून हिणविलेल्या कौंटीत बाळंत होणे हे देशातील सरासरी ठिकाणी बाळंत होण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरले.

या यशाची उलटतपासणीही झाली पाहिजे. घरच्या बाळंतपणात रुग्णालयातील सांसर्गिक ज्वराचे भय कमी असते, हे एक. दुसरे असे की १९३५ नंतर सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि रक्तदान यांच्यामुळे सबंध देशातच मातामृत्यू झपाट्याने उतरू लागले, तेव्हा नंतरच्या वर्षांचे सारे श्रेय एका संस्थेस देता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट अधिक कडू आहे. ब्रेकिनरिजबाई कृष्णवर्णीय परिचारिकांना कामावर घेत नसत. आणि देणग्या मागताना या डोंगरी लोकांचे ‘शुद्ध अँग्लो-सॅक्सन रक्त’ वाचविण्याची भाषा वापरीत. ज्या दयेला वर्णाची अट आहे तिच्यात खोट आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांच्याच परंपरेतील आजच्या संस्थेनेही ते मान्य केले आहे. त्या म्हाताऱ्या सुइणींचेही असेच झाले. पिढ्यानुपिढ्या अपरात्री उठून शेजारणीकडे धावणाऱ्या या बायांना नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही. त्यांच्या हातून चुका होत हे खरे. परंतु त्यांना शिकवून जोडीस घेण्याचा मार्ग येथे धरला गेला नाही.

१९३९ साली युरोपात युद्ध पेटले आणि संस्थेतील पुष्कळ ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या. तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हायडन येथेच सुईणशास्त्राचे विद्यालय निघाले. १९६५ च्या मे महिन्यात ब्रेकिनरिजबाई वारल्या. परंतु त्यांचा प्रयोग देशभर पसरला नाही. अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९४६ साली रुग्णालये बांधण्यास मदत देणारा हिल-बर्टन कायदा झाला. पैसा इमारतींकडे वळला. परिचारिकेने रुग्णाकडे जावे यापेक्षा रुग्णाने इमारतीकडे यावे ही रीत रूढ झाली. त्या इमारतींतल्या सोयीही कायम टिकतात असे नाही. २०२२ साली अमेरिकेतील निम्म्याहून अधिक ग्रामीण रुग्णालयांत बाळंतपणाची व्यवस्था नव्हती.

येथवरची साक्ष ऐकून उठून जावे असा मोह होतो. परंतु लेस्ली कौंटीचे पुढे काय झाले?

रस्ते आले, आणि रस्त्यांबरोबर कोळशाच्या मोठ्या खाणी. शेती सुटली, खाणीची मजुरी आली. ३० डिसेंबर १९६९ रोजी खाण-कामगारांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा मोठा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीने अमलात आला. त्यास बरोबर एक वर्ष पूर्ण होत होते त्या दिवशी, ३० डिसेंबर १९७० रोजी, हायडनजवळच्या हरिकेन क्रीक येथील खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार ठार झाले. कायद्याचा पहिला वाढदिवस लेस्ली कौंटीत असा साजरा झाला. ज्यांचा जन्म त्या पडशीवाल्या परिचारिकांनी सुखरूप केला होता अशांच्या पिढीतली ही माणसे. स्फोटातून वाचलेल्यांच्या वाट्यास कोळशाच्या धुळीने काळवंडणारी फुप्फुसे आली. पुढे यंत्रे आली आणि मजुरीही कमी कमी होत गेली. मोडलेल्या पाठी, झिजलेले गुडघे आणि रिकामे हात असलेल्या या डोंगराळ पट्ट्यात १९९६ सालापासून ऑक्सिकाँटिन नावाच्या वेदनाशामक गोळ्यांचा सुळसुळाट झाला. या गोळ्यांच्या व्यसनाचा धोका कमी भासवून त्या विकल्याचा गुन्हा संबंधित कंपनीने २००७ साली संघराज्याच्या न्यायालयात कबूल केला. तोवर पूर्व केंटकीत घरोघर त्याची झळ पोहोचली होती. तंबाखू पूर्वीपासून होतीच; मधुमेह आणि हृद्रोग यांनी भर घातली.

परिणाम काय झाला? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील प्रत्येक कौंटीचे १९८० ते २०१४ पर्यंतचे आयुर्मान मोजले गेले. या काळात देशाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७४ वर्षांवरून ७९ वर गेले. परंतु मोजक्या काही कौंटी अशा निघाल्या की तेथे ते वाढण्याऐवजी घटले. सर्वाधिक घट झालेल्या दहांपैकी बहुतेक एकट्या केंटकी राज्यातल्या. त्यांत लेस्ली कौंटी आहे. आणि घटीत सर्वांच्या वर औझली कौंटी. १९२३ साली जिच्या डोंगरवाटांनी ब्रेकिनरिजबाई सुइणींच्या शोधात हिंडल्या तीच औझली. २०२० च्या शिरगणतीत लेस्लीची वस्ती १०,५१३ भरली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी होती जवळपास तेवढीच. हायडनचे रुग्णालय १९७५ साली नव्या इमारतीत गेले आणि त्यास मेरी ब्रेकिनरिज यांचे नाव मिळाले. २०११ साली ते दुसऱ्या रुग्णालय-संस्थेच्या ताब्यात गेले. विद्यालयाचे विद्यापीठ झाले, आणि त्याने २०१७ साली डोंगराबाहेर, व्हर्सेल्स गावी, नवी जागा घेतली. २०१४ साली केंटकीने गरिबांच्या सरकारी आरोग्यसाहाय्याची मर्यादा वाढविली, आणि विम्यावाचून असलेल्यांचे प्रमाण राज्यात दोनच वर्षांत निम्म्याच्या आसपास उतरले. म्हणजे कागदावरचा हक्क मिळाला. परंतु तीस-चाळीस वर्षे झिजलेले शरीर हक्काच्या कागदाने एका रात्रीत भरून येत नाही.

मग निकाल काय द्यावा? कोणी म्हणेल, पाहा, एवढा खटाटोप करूनही शेवटी ती कौंटी मागेच राहिली; सेवा व्यर्थ गेली. मला हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा वाटतो. दावा मातांना वाचविण्याचा होता आणि तो पूर्णपणे सिद्ध झाला. दहा हजार बाळंतपणांचे दप्तर त्यास साक्ष आहे. परंतु दावा जेवढा होता तेवढाच सिद्ध झाला, हेही तितकेच खरे. परिचारिकेचा घोडा आजाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकतो. खाणीतील हवा, मजुरीचा दर, दुकानातील तंबाखू आणि गोळ्यांचा व्यापार यांपर्यंत त्याची धाव नाही. तेथे कायदा, राज्य आणि समाज यांनी पोहोचावयाचे असते, आणि लेस्ली कौंटीत ते पोहोचले नाहीत, किंवा उशिरा पोहोचले. पाळण्यात वाचविलेले मूल पन्नाशीत गमवावयाचे असेल तर दोष पाळण्याशी उभ्या असलेल्या बाईचा नव्हे.

आपल्याकडेही या विषयाचा एक धडा आहे. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याची पद्धत घालून दिली. ३९ खेड्यांतील त्या प्रयोगाचे आकडे १९९९ साली प्रसिद्ध झाले. नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांत दिसले. लेस्ली कौंटीशी याचे साम्य दोन गोष्टींत आहे: सेवा घरापर्यंत गेली, आणि मोजणी आधीपासून चोख होती. भेद एकाच गोष्टीत आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. येथे पडशी बाहेरून आलेल्या घोड्यावर नव्हती. ती गावातल्याच बाईच्या खांद्यावर होती, आणि जुन्या सुईणबाईंनाही बरोबर घेतले होते.

म्हणून खानापूरच्या रानातील किंवा सत्तरी-सांगेच्या डोंगरातील एखाद्या गावासाठी कोणी काही करू म्हणेल, मग ते सरकार असो की चार गृहस्थांनी मिळून काढलेली संस्था असो, त्याने इमारतीचा नकाशा काढण्यापूर्वी दोन कामे करावीत असे मला वाटते. एक, त्या गावचे गेल्या पाच वर्षांतील जन्म आणि मृत्यू घरोघर जाऊन लिहून काढावे, आणि प्रत्येक मृत्यूसमोर रुग्णालय किती दूर होते आणि तेथे पोहोचण्यास किती वेळ लागला हे नोंदवावे. दुसरे, त्या गावची माणसे पोटासाठी कोणते काम करतात आणि त्या कामाने त्यांच्या अंगाचे काय होते, तेही त्याच वहीत लिहावे. ब्रेकिनरिजबाईंनी पहिली वही लिहिली आणि दहा हजार आयांना तिचा उपयोग झाला. दुसरी वही लेस्ली कौंटीत वेळेवर कोणी लिहिली नाही. त्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या म्हणजेच त्या कौंटीची साक्ष पुरी होते.